राईतून बाहेर पडताना

हे आधी मी आमच्या मंडळाच्या अंकासाठी लिहिलं होतं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, यानं विरोधकांच्या हातात कोलीत जाईल. जाऊ दे. मी एका गावात एक काडी मोडली होती. ती कशी मोडली आणि पुढं काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

नगरला आम्ही सात-आठ जण होतो. कुणाचं कॉलेज नुकतंच संपलेलं, कुणी मधेच सोडलेलं. एका मित्राच्या घराच्या माळ्यावर सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि आमची नखं कायम शाईनं काळी असायची. लिहायला मी त्या माळ्यावर शिकलो. पहिल्या ओळीत अन्याय, चौथ्या ओळीत गुन्हेगार, शेवटी मागणी. बुवा, भगत, अंगात येणारे, कोंबडं कापणारे, सगळ्यांवर आम्ही पत्रकं काढली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की मोठी माणसं सुधारत नाहीत, शाळा गाठली पाहिजे. आणि शाळेत नुसतं 'हे मानू नका' सांगून भागणार नाही, तर मातीचं, पाण्याचं, झाडांचं शास्त्र घेऊन जायला पाहिजे.

त्यातून आमची पत्र्याची पेटी तयार झाली. पेटीत मुळांचा एक तक्ता, पाण्याच्या फेऱ्याचा एक तक्ता, दोन भिंगं, पानं चिकटवायच्या कोऱ्या वह्या. आणि तेलाचा डबा उभा चिरून केलेले दोन ट्रे. ते माझे. त्यांचा मला फार अभिमान होता.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी पारनेर तालुक्यातल्या पठारावरच्या एका शाळेतून पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं. 'आमच्या गावी एक जुनी राई आहे. राईच्या पायथ्याला बारव आहे आणि अवघं गाव तिचं पाणी पितं. या दोहोंचा संबंध मुलांना कळावा अशी इच्छा आहे. आपली पेटी घेऊन यावं.'

श्रावण सरत आला होता. एसटी फाट्यावर सोडून गेली आणि मी पेटी डोक्यावर घेऊन तासभर चाललो. पठारावर तेव्हा गवत होतं, पण झाड म्हणावं असं काही दिसत नव्हतं. चढ संपल्यावर मात्र समोरच्या उतारावर एकदम काळपट हिरवा डाग दिसला. तीच राई. पाच-सहा एकरांची असेल. बाकी सगळा डोंगर बोडका आणि मधे हे.

शाळा दोन खोल्यांची. शिक्षकाच्या दोन जागा, त्यातली एक रिकामी. गुरुजी पन्नाशीचे, पांढरं धोतर, वर कोट. मूळचे शेवगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी करणाऱ्या घरातले. माझ्या डोक्यावरची पेटी त्यांनी स्वतः उतरवून घेतली आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, पन्नाशीचा कुणी विद्वान येईल. तुम्ही तर माझ्या धाकट्याच्या वयाचे."

सकाळ छान गेली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ती खरोखर छान गेली. मुलांनी ओढ्याकाठची गवताची ढेप मुळांसकट काढून आणली, ती एका ट्रेमध्ये बसवली, वर पाचोळा पसरला. दुसऱ्यात नुसती उघडी माती. दोन्ही ट्रे विटांवर तिरपे ठेवले, खाली काचेच्या बरण्या. मग रॉकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली झारी. झारी धरायला मी चौथीतल्या एका मुलीला बोलावलं. राईतल्या देवीला दिवा लावणाऱ्या गुरविणीची ती नात. पहिल्या बरणीत थेंबथेंब, जवळजवळ निर्मळ पाणी उतरलं. दुसरीत क्षणात चहासारखा गढूळ लोंढा आला आणि ट्रेमधली निम्मी माती बरणीच्या तळाशी जाऊन बसली.

ती मुलगी म्हणाली, "म्हंजी पाऊस त्योच. पन पानी येगळं."

गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की हाच तो संबंध, ह्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलं.

दुपारी आम्ही राईत गेलो. कडेला एक दगड होता, तिथं सगळ्यांनी चपला काढल्या. मी काढल्या नाहीत. आत शिरलो आणि ऊन संपलं. उंबर, करंज, जांभूळ, बेहडा, आणि त्यांना वेढून माणसाच्या मांडीएवढे वेल. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात. मी पाचोळा बाजूला करून खालची काळी ओली माती मुलांच्या हातात दिली आणि म्हणालो, "हा आपला पहिला ट्रे." मुलं लगेच हसली, त्यांना कळलं होतं.

इथं थांबलो असतो तर?

बाहेर पडताना मुलं त्या दगडापाशी थांबली. मुलींनी परकर झटकले, पोरांनी टोप्या. एकमेकांच्या पाठीवरची कुसळं, केसांत अडकलेलं वाळलं पान, सगळं काढून ती पुन्हा आत टाकत होती. कुणी सांगितलं नव्हतं. आपण तोंड धुतो तसं करत होती. मी विचारलं, "हे काय?"

"आईचं हाय. भाईर न्यायचं न्हाई."

"काडीसुद्धा नाही?"

"काडी बी न्हाई. वाळल्याली बी न्हाई."

"आणि नेलं तर?"

"डोळं जात्यात."

"पोट फुगतं."

"ह्याच्या मामाची म्हस मेली."

"आरं, ती म्हातारी हुती म्हस!"

सगळी हसली. गुरुजी माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, हा विषय आज नको. राई न तोडायला यांच्याकडे एक कारण आहे. तुम्ही त्यांना दुसरं दिलंत, फार चांगलं झालं. ते दुसरं रुजायला दोन पावसाळे तरी द्या. पहिलं आजच कशाला उपटता?"

मी म्हणालो, "खोटं कारण ते खोटंच, गुरुजी. भीतीवर उभं राहिलेलं काहीही चांगलं नसतं." हे वाक्य मी आमच्याच पत्रकात लिहिलेलं होतं.

मी हात वर केला आणि करंजाची एक काडी मोडली. वीतभर, दोन पानं असलेली. ती घेऊन दगड ओलांडून बाहेर आलो, सदऱ्याच्या खिशात खोचली आणि मुलांना म्हणालो, "मोजा शंभर." पाढे म्हणतात तशी त्यांनी सुरात मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या आसपास आवाज बारीक झाला होता, सत्तरला पुन्हा मोठा झाला. शंभर झाले. माझे डोळे जागेवर होते. मागून एक पोरगा म्हणाला, "सायबाला पोटच न्हाई, फुगंल काय?" आणि पुन्हा हशा.

फक्त गुरविणीची नात हसली नाही. तिनं विचारलं, "मग ही राई कुनाची?"

"आपली. सगळ्यांची. जनतेची."

"म्हंजी माजी बी?"

"तुझीपण."

तिनं मागं वळून त्या झाडांकडं पाहिलं. मला वाटलं, मी तिला काहीतरी दिलं.

ती काडी मी शाळेच्या भिंतीवर खिळ्याला दोऱ्यानं बांधली आणि खाली पुठ्ठा लावला: 'नमुना पहिला. करंज. राईतून आणलेला.' मुलांना वह्या वाटल्या. दहा झाडांची पानं, साली, बिया गोळा करून चिकटवायच्या आणि खाली नावं लिहायची. गावात दहा झाडं राईखेरीज कुठं होती? हे मला तेव्हा सुचलं नाही. आता झोपेतसुद्धा सुचतं.

दिवाळीनंतर वह्या तपासायला पुन्हा गेलो. वह्या भरल्या होत्या. गुरविणीच्या नातीच्या वहीत तर चोवीस झाडांची पानं होती, प्रत्येकाखाली झाडाचं गावातलं नाव, फुलाचा महिना आणि 'आजीनं सांगितलं' असा शेरा. इतकी चांगली वही मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही. येताना वाटेत दोन बायका डोक्यावर वाळक्या फांद्यांचे भारे घेऊन राईकडून येताना दिसल्या होत्या. मी थांबून त्यांना नमस्कार केला. मला आनंद झाला होता.

त्या दिवशी गुरवीण आजी शाळेत आली. साठीच्या पुढची, विटकं लुगडं, कपाळ मोकळं. भिंतीवरच्या काडीपाशी बराच वेळ उभी राहिली. पानं वाळून गळायच्या बेताला आली होती.

"ही तू आनली?" तिनं मला विचारलं.

"हो, आजी."

"परत ठिव, बाबा. चुकून येतं कदी अंगाबरुबर. ठिवलं म्हंजी झालं. कुनी काय म्हनत न्हाई."

"चुकून नाही आणली, आजी. मुद्दाम आणली."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तशी. मग म्हणाली, "मुद्दाम आनली आसली तरी ठिवता येती."

मी तिला व्याख्यान दिलं. काय बोललो ते इथं लिहीत नाही. परत नगरला येऊन रात्रीत मी दोन पानी पत्रक लिहिलं: 'भीती हरली!' गावाचं नाव घातलं नाही, पण राई, काडी, शंभरापर्यंतची मोजणी, भारे नेणाऱ्या बायका, सगळं घातलं. ते आम्ही शाळाशाळांतून वाटलं. गुरुजींनाही पाठवलं. त्यांनी ते शनिवारच्या वाचनात मुलांना वाचून दाखवलं. नावडतं असलं तरी पाहुण्याचं लिखाण म्हणून दाखवलं. ते तसेच होते.

पुढचं वर्ष बहात्तरचं. त्या वर्षीच्या पावसाबद्दल नगर जिल्ह्यात कुणाला काही सांगायची गरज नाही. मी खडी फोडणाऱ्या बायकांबरोबर रस्त्याच्या कामांवर हिंडत होतो. पिण्याचं पाणी द्या, तान्ह्या मुलांना सावली द्या, म्हणून साहेबांना अडवत होतो. शाळांची पेटी माळ्यावर पडून होती. एका घेरावानंतर आठवड्यानं माळ्यावर आलो तर पोस्टकार्ड वाट बघत होतं. तेच मोत्यासारखं अक्षर, पण या वेळी ओळी तिरप्या गेलेल्या.

'येत्या बुधवारी राईबाबत चावडीवर बैठक आहे. आपण स्वतः येऊन दुसरं कारण सांगावं. माझं कोणी ऐकत नाही. मी बाहेरगावचा, आणि आपलं पत्रक याच शाळेत मी वाचून दाखवलेलं.'

त्या दिवशी रविवार होता. बुधवार होऊन चार दिवस झाले होते.

सोमवारी पोचलो. चढ संपल्यावर नजर सवयीनं समोर गेली. तिथं तो काळपट हिरवा डाग नव्हता. उतार बाकी डोंगरासारखाच दिसत होता, फक्त त्यावर खुंटं होती. मधोमध देवीचा शेंदराचा दगड उन्हात उघडा. एक ट्रक उभा होता. खोडं चढवायचं काम जवळजवळ संपलेलं. नगरच्या कुठल्याशा वखारीत ती जाणार होती.

मी चावडीवर गेलो आणि ओरडलो. मला ओरडता चांगलं येतं. सरपंच ओसरीवर बसून होते. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. त्यांनी मला पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाले, "बसा पाव्हणं. पानी घ्या. हाय तंवर घ्या."

"कुणाला विचारून तोडलीत राई?"

"तुमाला इचारून," ते म्हणाले. आणि कुणी हसलं नाही. "तुमीच लिवलंय न्हवं, भीती गेली म्हून? तुमीच पोरांस्नी म्हनला, सगळ्यांची हाय. मग सगळ्यांनी वाटून घेतली. आदी पाला काढला, जनावरं हंबरत हुती. मग जळान. मग म्हनलं, ऱ्हायलंय काय आता? माजा बाप मागल्या दुष्काळात दोन बैल डोळ्यांदेखत मेलं तरी राईत शिरला न्हाई. मी शिरलो. माजं बैल हायेत आजून."

मी ट्रेचं सांगायला लागलो. गवताचा ट्रे, मातीचा ट्रे, बारवेचं पाणी कुठून येतं ते.

"ती पोरांनी बघितली गंमत," सरपंच म्हणाले. "आमी कुठं बघितली? आमच्या कानावर काडी आली, पाव्हणं. टरे न्हाई आला."

हा माणूस वाईट असता तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. तो वाईट नव्हता. त्या रात्री माळ्यावर बसून मी पहिल्या ओळीत अन्याय लिहिला, आणि चौथ्या ओळीत कुणाचं नाव घालायचं ते मला कळेना. कागद तसाच आहे.

चैत्रापर्यंत बारवेत थोडं पाणी होतं. मग तीही आटली.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. आषाढात मी गेलो, कुणी बोलावलं नव्हतं. फाट्यावरून चढताना वरून एक मुलगी रिकामा हंडा घेऊन उतरत होती. गुरविणीची नात. वर्षा-दीड वर्षात उंच झाली होती. तिनं मला ओळखलं आणि हंडा तसाच कडेवर धरून उभी राहिली.

"पाणी एवढ्या लांबून?" मी विचारलं.

"बारवत गाळ हाय. पायऱ्या बी दिसत न्हाईत. चला, दावते."

राईचा उतार पावसानं चिरला होता. हातभर खोल घळी पडल्या होत्या, खुंटांची मुळं उघडी लोंबत होती. आणि खाली बारवेत चहासारखा गढूळ चिखल काठोकाठ. ती माझ्याशेजारी उभी राहून बघत होती, जसं त्या सकाळी बरणीकडं बघत होती तसंच, लक्ष देऊन.

"सायेब, दुसरा ट्रे," ती म्हणाली.

मी बारवेच्या काठावर बसलो.

"तुमचं खरं निगालं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. चांगली विद्यार्थिनी होती, धडा तिला पाठ होता.

"शाळेत जातेस ना?"

"दोन खेपा आसत्यात पान्याच्या. दुसरी हुईस्तवर शाळा सुटती."

तिची वही कुठं आहे ते मी विचारलं. चुलीच्या वर खोचून ठेवली आहे, म्हणाली. त्या चोवीस झाडांपैकी कितीतरी आता फक्त त्या वहीत आहेत.

शाळेत गुरुजी पेटारा बांधत होते. कुणाच्या तरी तक्रारीवरून त्यांची बदली झाली होती. तक्रार कुणी केली, का केली, त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं तरी नाही सांगितलं. माझ्या पेटीतल्या उरलेल्या दोन वह्या आणि एक भिंग त्यांनी जपून ठेवलं होतं, ते माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही त्या दिवशी मला हाताला धरून थांबवायला हवं होतं."

"मी बोलावलेले पाहुणे तुम्ही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? शंभर मोजत होती मुलं, तेव्हा मीपण मनात मोजत होतो. मलाही बघायचं होतं." मग त्यांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत काडी होती. पानं कधीच गेलेली, करड्या सालीची वीतभर काडी. भिंतीवरून त्यांनी ती केव्हा काढली कुणास ठाऊक. "ही तुमची."

ती घेऊन मी गुरवीण आजीच्या दारात गेलो. ती उंबऱ्यात बसून दिव्याच्या वाती वळत होती. देवी उघड्यावर पडली तरी दिवा चुकला नव्हता. मी काडी पुढं केली. मला काही सांगायचं होतं, पण पत्रकाबाहेरचं एक वाक्य मला जुळेना.

"आजी, ही परत ठेवायची होती. पण आता ठेवू कुठं?"

ती उठली. "जागा तर हाय," म्हणाली, आणि चालायला लागली.

कडेच्या त्या दगडापाशी मी या वेळी चपला काढल्या. आत म्हणजे काय, आकाशच होतं वर. करंजाचं खुंट कुठलं ते तिनं दाखवलं, मला ओळखू आलं नसतं. मी काडी त्याच्या मुळाशी ठेवली. तिनं शेंदराच्या दगडापाशी वात लावली, हात जोडले. मी जोडले नाहीत. तिनं जोडायला सांगितलंही नाही.

बाहेर पडताना ती कडेच्या दगडापाशी थांबली. लुगड्याच्या निऱ्या झटकल्या, पदर झटकला. एक पान नव्हतं तिथं अंगाला लागायला. तरी तिनं सगळं नीट केलं आणि माझी वाट बघत उभी राहिली.

"काही लागलंच नाहीये, आजी," मी म्हणालो.

तिनं माझ्या पायजम्याकडं बोट केलं. घळीतून चढताना गुडघ्यापर्यंत चिखल उडाला होता आणि तो वाळला होता.

"माती बी हिथलीच हाय, बाबा," ती म्हणाली. "झाड. हिथंच ऱ्हाऊ दे."

मी वाकलो आणि झाडायला लागलो.